इडलीपात्रातले स्क्रू

लॅपटॉप उघडायचा असला की माझी बायको आधी स्वयंपाकघरातून इडलीपात्राची एक ताटली आणायची. लॅपटॉपच्या पाठीवरचा एकेक स्क्रू काढून ती ताटलीच्या खळग्यांत ठेवायची, डाव्या कोपऱ्यातला डाव्या खळग्यात, मधला मधल्यात. बंद करताना त्याच क्रमाने ते परत जायचे. माझं काम टॉर्च धरण्याचं. हात जरा हलला की ती वर न बघता म्हणायची, "पुस्तकातून बाहेर या."

मी साताऱ्याकडचा. एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली म्हणून चेन्नईला आलो आणि इथलाच झालो. ती तंजावरच्या जुन्या मराठी घरातली. मी बखरींत वाचलेले शब्द तिची आई भाजी चिरताना सहज बोलायची, आणि तेही तमिळच्या चालीवर. सासूबाई थकल्या तेव्हा हिने ते शब्द टिपायला सुरुवात केली. भांड्यांची नावं, नात्यांची, दुखण्यांची, रागावण्याचे प्रकार. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, आणि आई तो कधी म्हणाली होती ते वाक्य.

हे सगळं ती एका जुन्या मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रॅमवर लिहायची. तो प्रोग्रॅम करणारी कंपनी कधीच बंद पडली होती. आमच्याकडे तो फक्त तिच्या त्या एका लॅपटॉपवर चालायचा. तीच फाइल दुसऱ्या कुठल्याही संगणकावर उघडली की शब्दांच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा चिखल दिसे. सगळं नव्या पद्धतीत उतरवून घे, असं मी तिला कितीदा सांगितलं. ती म्हणायची, "मशीन चालतंय ना? मग?"

म्हणून मशीन चालतं ठेवणं हे आमच्या घरातलं एक व्रतच झालं होतं. बॅटरी दोनदा बदलली, पंखा एकदा. मेमरी वाढवली. पडद्याची बिजागरी तुटली तेव्हा तिने पोलादी पट्टी कापून बसवली. चालू करायचं बटण निखळून हरवलं, तर माझ्या निळ्या शर्टाचं वरून तिसरं बटण काढून तिथे चिकटवलं. मी कपाटापुढे उभा राहून विचारलं, "आणि शर्टाचं काय?" ती म्हणाली, "शर्टाला अजून सहा आहेत."

सुटे भाग मिळायचे वेस्ट मांबलमच्या एका दुरुस्तीवाल्याकडून. स्टेशनजवळच्या गल्लीत त्याचं अरुंद दुकान होतं, भिंतीला छतापर्यंत मेलेले लॅपटॉप रचलेले. पूर्वी तो टीव्ही दुरुस्त करायचा. ती त्याला अण्णा म्हणायची, तो तिला अक्का. वयाने तो थोरला होता, पण हातातली कला बघून अक्का म्हणतो, असं त्याचं म्हणणं. त्यांचं बोलणं तमिळमध्ये चाले.

"काय अक्का, आज किती इडल्या?"

"अकरा. तुमच्यासारखे स्क्रू उरवत नाही मी."

"एखादा उरला तर मशीनचं वजन कमी होतं."

मी स्टुलावर बसून दोघांचं ऐकायचो. "मी आहे तोवर हे मशीन चालेल, अक्का," असं त्याने तिला अनेकदा सांगितलं होतं.

ती गेली तेव्हा तेराव्याला तो पांढरा शर्ट घालून आला आणि दाराशीच उभा राहिला. मी आत जाऊन तिचा स्क्रूड्रायव्हरचा संच आणला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो डोळ्यांना लावला.

मग मी रोज सकाळी लॅपटॉप उघडून तिचे शब्द वहीत उतरवायला बसू लागलो. दिवसाला आठ-दहा, जास्त नाही. मला घाई नव्हती. खरं सांगायचं तर ते संपू नयेत असंच वाटत होतं. 'ज'पर्यंत आलो आणि एका सकाळी बटण दाबलं तरी पडदा काळाच राहिला.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप ठेवून घेतला. चौथ्या दिवशी गेलो तर तो मान खाली घालून बसला होता. "गेलं, सार. बोर्ड जळला. फाइल तेवढी बाहेर काढली." त्याने एक पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. मशीन परत मागावं हे मला सुचलंच नाही. उलट मीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही खूप केलंत," मी म्हणालो. घरी येऊन फाइल माझ्या संगणकावर उघडली, आणि तोच चिखल.

पुढचे काही महिने मी ती वाचू शकेल अशा माणसाच्या शोधात होतो. कुणीतरी सांगितलं की मैलापूरला देवळाच्या तळ्यामागे एक छापखाना आहे, तिथे जुन्या मराठी घरांच्या लग्नपत्रिका अजून छापतात. मालक साठीच्या पुढचे, स्वतः तंजावरी मराठी घरातले. त्यांनी पेनड्राइव्ह घेतला, माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "होईल. तो प्रोग्रॅम आमच्याकडे आहे. आमचं मशीन बंद पडलं होतं, नशिबाने दुसरं मिळालं."

त्यांनी टेबलावरचं फडकं बाजूला केलं. बिजागरीला पोलादी पट्टी होती. कोपऱ्यात माझ्या निळ्या शर्टाचं बटण होतं.

मी खुर्चीवर बसलो. मालकांनी बटण दाबलं, मशीन सुरू झालं, फाइल उघडली आणि तिचे शब्द जसेच्या तसे पडद्यावर आले. मालक वाचू लागले. मध्येच थांबून हसले, "हा शब्द माझी आई म्हणायची." त्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते उठून उभे राहिले. मशीन कुणाकडून आलं ते त्यांनी सांगितलं. मला विचारावंही लागलं नाही.

"आधी सगळं छापून देतो," ते म्हणाले, "मग मशीन तुम्ही घेऊन जा."

सोळाव्या पानाला मशीन गरम होऊन बंद पडलं. त्यांनी फोन लावला. असं झालं की ते ज्याला बोलावत, त्यालाच.

अर्ध्या तासाने दुरुस्तीवाला दारात आला आणि मला बघून थबकला. पण परतला नाही. खाली बसून तिच्याच स्क्रूड्रायव्हरने त्याने पाठ उघडली आणि स्क्रू एका पत्रिकेवर ओतले, सगळे एकत्र. आत अंधार होता. मी टॉर्च धरला.

"बोर्ड खरंच जळला होता, सार," तो आत बघतच म्हणाला. "दुसऱ्या मशीनचा घातला. मी खोटं नाही बोललो."

"गेलं म्हणालात."

तो पंख्यावरची धूळ फुंकत राहिला. मग म्हणाला, "तुमच्याकडे ते कपाटात राहिलं असतं. इथे रोज चालतं. मी अक्कांना शब्द दिला होता."

"मला विचारायचं."

"विचारलं असतं तर दिलं असतंत?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

मालक खिडकीबाहेर बघत होते. सगळ्यांचं भलं झालं होतं. छापखाना चालू होता, मशीन जिवंत होतं, वचन पाळलं गेलं होतं. फक्त त्या दिवशी मी ज्याच्या खांद्यावर हात ठेवला होता तो माणूस माझं सांत्वन चुपचाप घेऊन बसला होता, आणि मशीन कदाचित त्याच्या मागच्या फळीवर तेव्हाही सुरू होतं. मला तिचाही राग आला. सगळे शब्द एका यंत्रात कोंडून, त्या यंत्राची किल्ली या माणसाच्या हाती देऊन ती गेली होती.

त्याने झाकण लावलं. पत्रिकेवर एक स्क्रू उरला.

"चालतं, सार. एकाने काही बिघडत नाही."

"पुन्हा उघडा," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टॉर्च खाली घेतला नव्हता. मग त्याने पहिल्यापासून सगळे स्क्रू काढले, या वेळी एकेक ओळीने मांडत. दहा झाले तरी उरलेल्याची जागा सापडेना. ती बिजागरीच्या पट्टीखाली होती. ती पट्टी बसवताना टॉर्च मीच धरला होता, म्हणून मला आठवत होतं. मी बोट ठेवून जागा दाखवली.

"अक्का असत्या तर..." तो म्हणाला.

"अक्का असत्या तर तुम्ही हे केलं नसतं."

अकरावा स्क्रू बसला. छपाई 'ट'पासून पुढे सुरू झाली. पानं खाली पडत होती आणि मालक ती उचलून सारखी करत होते. दुरुस्तीवाला संच बंद करून उभा होता, मी निघा म्हणायची वाट पाहत असावा. त्याने संच माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला.

शेवटचं पान निघेपर्यंत दुपार कलली होती. मशीन कधी नेणार, असं मालकांनी विचारलं. पत्रिकांचा हंगाम संपल्यावर, मी म्हणालो. बसमध्ये कागदांचा गठ्ठा मांडीवर होता, वर स्क्रूड्रायव्हरचा संच. घरी आल्यावर मी वही काढली आणि छापील पानांत 'ज'च्या पुढचा पहिला शब्द शोधला. आता तो कुणालाही वाचता आला असता. मला मात्र त्या दिवशी वाचवेना.