स्प्रेडशीटमध्ये नसलेला डोस

मी मुलांच्या दवाखान्यात नर्स आहे. आपल्या मराठी आईबापांना ताप समजावून सांगायला वर्षातून दोनदा इथे अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या लायब्ररीत उभी राहते आणि खोटं कशाला बोलू, बरं बोलते. नुसत्या आकड्याला घाबरू नका, मूल पाणी पितंय का, खेळतंय का ते बघा. तापलेल्या पोराला स्वेटर-कानटोपीत कोंबू नका. तान्हं बाळ असेल तर मात्र लगेच फोन करा.

त्या शनिवारी पहिल्या रांगेत एक तरुण बाबा बसला होता. दोन वर्षांची लेक घरी तापाने फणफणलेली, बायको तिच्यापाशी. "ताई, आम्ही सगळं ट्रॅक करतो. प्रत्येक डोस स्प्रेडशीटमध्ये आहे. पुढचा अकराला," तो म्हणाला. मी सगळ्यांसमोर त्याला शाबासकी दिली.

मग मी सांगितलं की, भारतातून आणलेलं पॅरासिटामॉल आणि इथलं अ‍ॅसिटामिनोफेन हे एकच औषध. नावं दोन म्हणून दोन्ही पाजलीत तर डबल डोस होतो, लिव्हरला धोका. "कोणाकडे झालंय असं?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. हात वर करायचा म्हणजे अब्रूचा प्रश्न ना!

मागे खुर्ची सरकली. माझ्या सासूबाई उभ्या राहिल्या.

"आमच्याकडे झालंय. गेल्या हिवाळ्यात. मी नातीला माझ्या बॅगेतल्या बाटलीतून दिलं आणि तासाभरात मुलाने इथलं पाजलं. मी बोलले नाही. 'आई, तुला काही कळत नाही' हे ऐकायचं नव्हतं मला."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझ्या लेकीला डबल डोस गेला आणि ते मला पन्नास माणसांत कळत होतं! मी इतकी संतापले की पुढचं वाक्यच विसरले.

पण तो तरुण बाबा उठला होता. "माझीही आई आलीये पुण्याहून," म्हणत त्याने तिथेच स्पीकरवर घरी फोन लावला. "आई, पिल्लूला तू काही दिलंस का गं सकाळी?"

पलीकडून बारीक आवाज आला, "दिलं रे. दहाला. तू चिडशील म्हणून सांगितलं नाही."

अकराला पाच कमी होते. फोनवर मागून त्याची बायको ओरडली, "अरे, मी औषध पाजायची सिरिंज भरलीये!"

"खाली ठेव ती! दोन्ही बाटल्या समोर घे आणि आधी डॉक्टरांना फोन कर," मी म्हटलं.

तो आईवर चिडणार एवढ्यात सासूबाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला. "अहो ताई, घाबरू नका. मी तर सांगितलंही नव्हतं. तुम्ही वेळेवर बोललात."

गाडीत बसल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "चिडलीस ना?"

"भयंकर," मी म्हटलं. "पण आई, यापुढे कोणाची सून म्हणून विचारलं ना कोणी, तर छाती फुगवून सांगेन."