उजवीकडे सरकून बस

आमच्या ह्यांची नजर म्हणजे नजर! फरशी बसवण्याचं काम. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो आणि तिथली एखादी फरशी केसभर सरकलेली दिसली, तर ह्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. म्हणून हे मोटरसायकल घेऊन आले तेव्हा मी डोळे झाकून मागे बसले.

ती अपघातात चेपलेली, विमा कंपनीनं भंगारात काढलेली आणि कुणा मेकॅनिकनं ठोकून-रंगवून पुन्हा उभी केलेली गाडी आहे, हे मला पुढे शेजारणीकडून कळलं. मी घर डोक्यावर घेतलं. "अगं, टाकी बघ कशी चकचकतेय," हे म्हणाले. टाकीला काय चाटायचंय!

तेव्हापासून जीव टांगणीला लागला. ह्यांना जरा उशीर झाला की मी दारात. रस्त्यावर कुणाचा ब्रेक करकचला की हातातलं टाकून मी खिडकीत. मागे बसले की ह्यांचं एकच पालुपद, "जरा उजवीकडे सरकून बस." का, तर म्हणे अवजारांची पिशवी डावीकडे अडकवलीय. मी आपली मुकाट सरकायचे.

परवा लेकीला दवाखान्यात नोकरी लागली. "बाबा, तुमचं काम सध्या कोपऱ्यावरच आहे ना? गाडी मी नेते," ती म्हणाली. सकाळी ती हेल्मेट घालून खाली आली, तर हे किल्ली मुठीत घट्ट धरून उभे.

मी नुकतीच फाटकापुढची जागा धुतली होती. ह्यांनी गाडी त्या ओल्यातून कोरड्यावर सरळ ढकलत नेली. पुढच्या चाकाचा ओला पट्टा एकीकडे, मागच्याचा त्याच्या शेजारी. धड गाडीचा एकच पट्टा उमटतो, एवढं मलाही कळतं.

"सांगाडा वाकलाय. डावीकडे ओढते," हे खाली बघत म्हणाले. "तू हात लावू नकोस हिला. बसनं जा."

"तुम्हाला कधी कळलं?" लेकीनं विचारलं.

"आणली त्याच दिवशी."

लेक गेली. मी पायरीवर बसले. सुट्टीच्या दिवशी पिशवी घरात खुंटीला असायची, तरी मी उजवीकडेच सरकून बसायचे.

"अहो, आणि मी?"

"तू बसलीस की सरळ जायची गं," हे म्हणाले. वर कौतुकानं म्हणाले!