मुखवट्यांची पेटी

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी गुढियारीच्या आरा मशीनवरून सहाशे चाळीस रुपयांच्या सागवानी फळ्या आणल्या. जाडी पाऊण इंच. फळ्या आणण्याआधी सकाळी अंगणात मी, आई आणि मोठा भाऊ असे तिघे होतो. भाऊ बसला नाही.

आई माझ्याकडे असते. भाऊ बूढापाऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. तिला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून यंदा तिला महालक्ष्म्या दिसल्याच नाहीत. पुढच्या वर्षी त्या माझ्या घरी बसवाव्यात, एवढंच तिचं मागणं. त्यासाठी भावाकडचे पितळेचे दोन मुखवटे इकडे आणायचे होते.

"लुगड्यात गुंडाळून स्कूटरवर नेशील अन् नाकं चेपवशील," भाऊ म्हणाला. "पेटी कर. बरोबर झाली तर देईन."

"सुताराकडून करून घेतो."

"काहून? इंचाइंचाचा हिशोब सांगत फिरतो ना तू? कर की मग, बाबू."

"मले एकदा पाहू तर देशील का नाही रे?" आईने विचारलं. त्याने चप्पल घातली.

त्याच्या घरी जाऊन मी मुखवटे दोनदा मोजले. शेजारी ठेवल्यावर रुंदी अकरा इंच, पुढून मागे सहा. एक इंच मोकळा धरून मी बारा लिहिले. पुढची-मागची फळी बारा इंच कापली, बाजूच्या आठ इंचांच्या फळ्या त्यांच्या मधे घालून गोंद लावला, खिळे ठोकले. तळ आणि झाकण बारा बाय साडेनऊ कापून ठेवले.

भाऊ पाहायला आला. त्याने टेप आत घातला. साडेदहा. बाजूच्या दोन फळ्यांची जाडी मी धरलीच नव्हती. बावीस वर्षं मी ऑफिसात लोकांच्या बिलांतल्या चुका काढतो आहे.

"एकीले घेऊन जा," तो म्हणाला. "दुसरी राहू दे माझ्याकडं."

त्या दोघी बहिणी. जोडी फोडत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं. आईसमोर तो हे बोलला, ते मी विसरलेलो नाही. वर म्हणाला, "पुढच्या रविवारपर्यंत. नाही तर विषय संपला."

मी खिळे उपटले. गोंद सुटताना एक कोपरा चिरला. बाजूच्या फळ्या बाहेरून लावल्या तर आत पूर्ण बारा मिळत होते, आणि पुढून मागे साडेसहा उरत होते, म्हणजे पुरेसे. तळ आणि झाकण मात्र आता साडेतेरा बाय आठ हवे होते. साडेनऊमधून दीड इंचाची पट्टी कापली, आठ इंचांची केली आणि तीच आडवी टोकाला जोडली. नवं लाकूड लागलं नाही. चीर आणि खिळ्यांची भोकं भुसा गोंदात कालवून भरली.

रविवारी पेटी घेऊन मी भावाच्या घरी गेलो. त्याने पुन्हा टेप लावला. बारा.

"जोड दिसून राहिला."

"दिसू दे."

मुखवटे कापसात नीट बसले. मी झाकण लावलं, तेव्हा वहिनी दारात उभी राहिली.

"भाऊजी, महालक्ष्म्यांच्या नथी अन् गळ्यातल्या पोती आमच्या पैशाच्या आहेत. दोन हजार तीनशे पन्नास."

"बिल दाखवा."

भाऊ ओरडला, "घरच्या माणसाले बिल मागतो?"

"हव. मागतो."

तिने बिल आणलं. मी वहिनीच्या हातात दोन हजार तीनशे तीस रुपये मोजून दिले. बिलावर तेवढेच होते.