मॅडमचा ठसका
आईशी फोनवर बोलता बोलता फोडणीत मिरची करपली, मला ठसका लागला, आणि नंदुरबारचं आमचं घर आठवलं. घरामागेच पथारी होती, लाल मिरच्या वाळत घातलेलं अख्खं शेत. मी आठवीत असताना माझी मैत्रीण आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली आणि मी अंथरूण धरलं. शाळा नको, जेवण नको. आई रोज तिन्हीसांजेला माझ्यावरून मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकायची. कोणाला ठसका लागला नाही की म्हणायची, "देख, जबर नजर लागेल शे." मी पडल्यापडल्या विचार करायचे, आम्ही तर मिरचीतच वाढलेलो, या घरात ठसका लागणार कोणाला? एकदा ऐन त्याच वेळी शाळेतल्या नव्या मॅडम मला बघायला आल्या. यांना तरी लागतो का, ते बघायला मी कितीतरी दिवसांनी उठून बसले. मॅडम खोकून खोकून बेजार. आई पाणी आणायला धावली, मला हसू फुटलं. "आम्हाला कोणालाच लागत नाही," मी म्हटलं. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "मग तुला काय होतंय, ते कळतं कसं?" तोवर हे मला कोणी विचारलंच नव्हतं, मिरचीच परस्पर उत्तर देऊन टाकायची. मी मैत्रिणीचं नाव घेतलं आणि पोटभर रडले. आज फोनवर माझा ठसका ऐकून आई खुशीत म्हणाली, "बरं झालं, तुले नजर लागेल नई." मग म्हणाली, "पण तुले काय व्हई ऱ्हायनं, ते सांग ना."