स्पॅममध्ये गेलेलं पत्र

तीर्थपुरीत आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या फॉर्मवर ईमेल माझा आहे. शिष्यवृत्ती असो की पीकविमा, ईमेलचा रकाना आला की लोक बिनधास्त सांगतात, "सरांचा टाका." स्वतःचा काढला की पासवर्ड विसरतो, मंग कोण निस्तरणार? मी निवृत्त मास्तर. घरी कॉम्प्युटर, हाताशी वेळ. खोटं कशाला बोलू, मला त्याचा मोठेपणाच वाटायचा.

पण सगळ्यांचा पत्ता मी म्हटल्यावर सगळ्यांचा कचराही माझ्याच दारात. कुणी ट्रॅक्टरची चौकशी केली की मला ट्रॅक्टरच्या जाहिराती. कुणी लग्नाच्या साइटवर नाव टाकलं की मला, या वयात, अनुरूप स्थळं. बायकोला हसू यायचं, माझं डोकं तापायचं. वर्गात खडू फेकून मारणारा माणूस मी, कॉम्प्युटरपुढं तरी कसा बदलणार?

समोरच्या शिलाईवाल्या भाईंची थोरली मुलगी बारावीला चांगली पास झाली. घरी उर्दू, शाळा मराठी, आणि विज्ञान माझ्याच हाताखाली शिकलेली. तिनं संभाजीनगरच्या एका नर्सिंग कॉलेजचा फॉर्म भरला. ईमेल अर्थातच माझा. फोन नंबर भाईंचा दिला होता, तो त्यांनी मधेच बदलला. पोरगी रोज संध्याकाळी दारात यायची.

"सर, काही आलं का?"

"न्हाई गं. आलं की मीच आवाज देतो."

एक दिवस मेल उघडला तर पानंच्या पानं जाहिराती. त्यात त्या कॉलेजचेही तीन मेल. आमचं वसतिगृह बघा, आमची बस बघा. म्हटलं, यांनीही दुकान मांडलं का? सगळ्यांवर खुणा केल्या, स्पॅमचं बटन दाबलं आणि जेवून निवांत झोपलो. एकदा असं केलं की त्या पत्त्यावरून पुढं येणारं पत्रही परस्पर त्याच उकिरड्यावर जातं, हे मला ठाऊक होतं. पण रागात माणसाला ठाऊक असलेलंही आठवत नाही.

ती येत राहिली. मी वरवर बघून "न्हाई" म्हणत राहिलो. मंग एकदा लाइट बिलाचा मेल सापडेना, म्हणून स्पॅम उघडलं. तिथं कॉलेजचं पत्र होतं. पहिल्या यादीत तिचं नाव, कागदपत्रं घेऊन हजर राहा. दिलेली तारीख उलटून आठवडा झाला होता. तिथल्या तिथं फोन लावला. जागा पुढच्या मुलीला देऊन झाली होती, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

चपला घालून भाईंकडं गेलो. सांगायलाच गेल्तो. "या सर, बसा, चाय घ्या," म्हणाले. चहा प्यालो. पोरगी आतून आली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. मी म्हणालो, "यादी लागली गं. तुझा नंबर थोडक्यात हुकला."

असं कसं बोललो, मला कळत नाही. कळतं, खरं तर. ज्या गल्लीनं जन्मभर सर म्हटलं, तिथं मला मान खाली घालायची नव्हती. घरी येऊन ते पत्र कायमचं पुसून टाकलं. लाज वाटते सांगायला.

आता ती वडिलांशेजारी दुसऱ्या मशीनवर बसते. हात सुरेख आहे तिचा. पुन्हा फॉर्म भर म्हणून मी दोनदा मागं लागलो. "जाऊ द्या सर," म्हणाली, "आपली उडी कळली."

गेल्या महिन्यात बायकोचे ब्लाउज आणायला गेलो. भाईंची धाकटी मुलगी पुस्तक उघडं टाकून रस्त्याकडं बघत बसली होती. थोरलीनं मशीन थांबवली.

"बराबर अभ्यास कर. मी कमी पडले म्हणून हितं बसून राह्यले. विचार सरांना."

धाकटीनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.