मरळीची गोष्ट चुकली होती

मंडळी, हे सांगितल्याशिवाय मले आज जेवण जाणार नाही! ज्यांची पुस्तकं आमची पोरं फाटेपर्यंत वाचतात, त्या लेखिका आज आमच्या एकोडीच्या शाळेत आल्या.

त्यांनी स्वतः लिहिलेली, पिल्लांना सोडून जाणाऱ्या मरळ माशाची गोष्ट वाचली. तेवढ्यात सहावीतली वैष्णवी उठली. तिचे बाबा तलावात मासे धरतात.

"मॅडम, मरळ पिल्लायले सोडत नाही. पिल्लं असली की बाबा तिले पकडतच नाही."

वर्गशिक्षिका मी. तिला खाली बसवायला उठलेच!

लेखिका सरळ वैष्णवीजवळ सतरंजीवर बसल्या. "मग माझी गोष्ट चुकली गं. तू सांग, मी लिहून घेते."

नव्या आवृत्तीत मरळ पिल्लांजवळच राहणार आहे!

लहानपणी तुम्हाला पुस्तकातली चूक दिसली असती, तर उठून बोलला असता का? मी नसते बोलले.