ताईने उघडलेलं इंजिन

फोन ताईच्याच मोबाइलवरून आला होता, म्हणून मी उचलताच म्हणालो, "बोल गं." पलीकडे पुरुषाचा आवाज. देवळाली कॅम्पच्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावरून बोलतोय म्हणाला. शेवटचा फोन तिने मला केला होता, म्हणून त्याने तोच नंबर लावला. मी एकदम विचारलं, "ब्रेक लागले नाहीत का?" कारण त्या गाडीचं इंजिन, ब्रेक, सगळं आमच्या हातचं. तो म्हणाला, "गाडीला काय नाय झालं साहेब. गाडी बरोबर बाजूला लावलीये. मॅडम उठत नाहीत."

महिना उलटून गेला, तरी तिथे पोहोचल्यावर जे पाहिलं ते डोळ्यांसमोरून हलत नाही. पेट्रोल भरून झालेलं, गाडी दुसऱ्यांच्या वाटेत येणार नाही अशी सावलीत उभी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. ताई स्टिअरिंगमागे मान किंचित कलती करून बसलेली. सकाळीच तिने मला फोनवर विचारलं होतं, बाजारात मेथी चांगली आलीय, तुझ्यासाठी घेऊ का. मागच्या सीटवर मेथीच्या दोन जुड्या होत्या. हृदय एकाएकी थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. साठी नुकतीच ओलांडलेल्या, रोज फिरायला जाणाऱ्या बाईचं हृदय असं का थांबतं, तेही त्यांनी सांगितलं असेल. मला मात्र पुढचं काही ऐकूच आलं नाही.

सुमती माझी थोरली बहीण. नाशिकरोडच्या एका शाळेत ती भूगोल शिकवायची. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, गाड्यांचं वेड. त्यांनी कुणाकडून तरी एक जुनी हेराल्ड घेतली होती, फिकट निळी. या गाडीचं अख्खं तोंडच बॉनेट म्हणून पुढे उलटतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी उघडं पडतं. दाजी कौतुकाने ते सगळ्यांना दाखवायचे. पण इंजिन थकलं होतं. मागून निळा धूर निघायचा, महिन्या-दोन महिन्यांत ऑइल कमी व्हायचं. मी ओझरच्या विमान कारखान्यात होतो, मशिनचं थोडंफार कळायचं. "दाजी, एकदा उघडू या," म्हटलं की ते म्हणायचे, "दिवाळीनंतर बघू."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एका दुपारी दाजींच्या छातीत कळ आली. ताईने स्वतः गाडी काढली. रेल्वेच्या पुलाच्या चढावर गाडी दम टाकत टाकत बसली ती पुन्हा सुरू झाली नाही. ताईने रस्त्यात उभं राहून रिक्षा थांबवली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दाजी गेले होते... पाच-दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. तिने मान हलवली आणि गाडी ओढून आणून शेडमध्ये लावली. पुढे कितीतरी वर्षं तिच्यावर ताडपत्री होती. मी भंगारवाल्याचं नाव काढलं, तेव्हा तिने जाऊन ताडपत्रीची दोरी आवळली.

मग एका मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, तिने मला बोलावून घेतलं. ताडपत्री काढलेली होती. "मला हिचं इंजिन उघडून बघायचंय," ती म्हणाली. "त्या दिवशी नक्की काय झिजलं होतं ते."

आम्ही हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, काढलं. मी तिचं बोट धरून सिलिंडरच्या भिंतीवरून फिरवलं. पिस्टन वर येऊन जिथे थांबतो, तिथे भिंतीला एक कड तयार झाली होती, नखाला अडकेल एवढी. खालची भिंत तेवढी झिजून गेली होती. एका पिस्टनची रिंग तुटलेली निघाली. ताई बराच वेळ त्या कडेवर नख फिरवत राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

"हे आधी कळलं असतं?"

मला खोटं बोलता आलं नाही. "कळत होतं, ताई."

ती उठून आत गेली. मला वाटलं, संपलं सगळं. थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, "होती तशी करायची नाही. चढावर बसणार नाही अशी करायची."

मग सुरू झालं ते काम आमच्या नोकऱ्या सांभाळत दोन पावसाळे चाललं. झिजलेले सिलिंडर कोरून मोठे करायला ब्लॉक सातपूरला बोअरिंगला दिला. मोठ्या मापाचे पिस्टन चेन्नईच्या एका जुन्या दुकानातून मागवले. क्रँक घासून घेतला, बेअरिंग नवी टाकली. शिसं नसलेलं पेट्रोल येणार असं तेव्हा बोललं जात होतं, म्हणून त्याने झिजणार नाहीत अशा कडक धातूच्या बैठका व्हॉल्व्हना बसवल्या. जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर लावला. ताई पुढच्या टायरवर पाटावर बसावं तशी बसायची आणि ताक घुसळावं तशी दोन्ही तळव्यांत काठी फिरवत एकेक व्हॉल्व्ह घासायची. शेजारच्या बायका फाटकाशी थांबून बघायच्या. तिला त्याचं काही नसायचं.

पहिल्यांदा ते इंजिन लागलं तेव्हा ती हसली नाही, रडलीही नाही. कान लावून ऐकत राहिली. इंजिन रुळल्यावर एका रविवारी मला शेजारी बसवून तिने गाडी थेट कसारा घाटात नेली. खाली उतरली, वळवली आणि चढायला लागली. मी सारखा तापमानाचा काटा बघत होतो, ती फक्त रस्ता. इगतपुरीला वर आल्यावर तिने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "चढली रे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर आमच्या भागात कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की ताईला हाक यायची. शेजारच्या शबानाला कळा सुरू झाल्या तेव्हा तिची सासू घाबरून विचारत होती, "बाजी, गाडी पोहोचेल ना?" ताई म्हणाली, "पोहोचेल. तुम्ही तिचा हात धरा." आणि गाडी पोहोचली. किती जणांना तिने असं पोहोचवलं, कोण जाणे.

अंत्यविधीच्या वेळी एक नातेवाईक माझ्या कानाशी म्हणाले, "बघा, गाडीचं इंजिन ठणठणीत आणि..." पुढचं न ऐकता मी तिथून उठलो. मला त्यात काही अर्थ दिसत नाही. एवढ्या लोकांना वेळेवर पोहोचवणारी बाई पंपाजवळच्याच दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर एकटी गेली, एवढंच मला दिसतं. आणि जाताना तिने गाडी बाजूला घेतली. तिला काय जाणवलं असेल? हाक का मारली नाही? मी रोज विचारतो...

गेल्या आठवड्यात तिची मुलगी माधवी पुण्याहून आली. "मामा, गाडी तुम्हीच न्या. माझ्याच्याने बघवत नाही," म्हणाली. मी दार उघडून बसायला गेलो तर गुडघा स्टिअरिंगवर आदळला. ताई माझ्या खांद्याला जेमतेम लागायची. तिने सीट पार पुढे ओढलेली होती, आणि पंपावरून गाडी क्रेनने आणल्यामुळे ती तशीच राहिली होती. सरकवायचा खटका हाताशी होता. माधवी फाटक धरून उभी होती. मी गुडघे फाकवून, अंग चोरून कसाबसा आत बसलो आणि तसाच घरापर्यंत चालवत आलो.

सीट अजून पुढेच आहे.